नाक दाबून केलेली निवड

आमच्या घराण्यात दारूला कधी उंबरठा ओलांडू दिला नाही. खोकल्याच्या औषधात मद्यार्क असतो असे कुणीतरी सांगितले, तेव्हा माझ्या सासूबाईंनी भरलेली बाटली मोरीत रिकामी केली आणि मला आल्यामधाचे चाटण दिले होते. अशा घरातल्या सुनेने वयाच्या पासष्टाव्या वर्षी, फ्रान्समधल्या बोर्दो शहरी बसून, भाजलेल्या कोकराबरोबर कोणती तांबडी वाइन द्यावी याचा निवाडा करावा, हे सासूबाईंच्या तसबिरीला कळले असते तर तिची काच तडकली असती! पण तो निवाडा मी केला खरा. तोही नाक दाबून. कसा, ते सांगते.

आमची धाकटी लेक बोर्दोला असते. शिकायला म्हणून गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. जावई मोठा सालस. मला ‘आई’ म्हणतो आणि पुरणपोळीतला ‘ळ’ साधत नाही म्हणून पोळी मात्र मुकाट्याने खातो. विहीणबाई बोलक्या. व्याही बंदरावर हिशेबनीस होते, आता निवृत्त. बेताचे बोलणारे, नीटनेटके, कोटाच्या खिशात घडी घातलेला रुमाल ठेवणारे गृहस्थ. 2023 सालच्या एप्रिलात आम्ही दोघे लेकीकडे गेलो. त्या वर्षी ईस्टरचा रविवार 9 तारखेला होता, आणि त्या दिवशीचे जेवण व्याह्यांकडे होते.

ईस्टरला तिकडे कोकराची अख्खी मांडी भाजतात. आपल्याकडे जसे पाडव्याला श्रीखंड, तसे ते. त्या मांडीबरोबर कोणती वाइन उघडायची हे ठरवण्याचा मान घरातल्या वडीलधाऱ्याचा. ही गोष्ट मला लगेच उमगली, कारण माझ्या माहेरी हापूसची पेटी आली की ती आजोबांखेरीज कुणी उघडायची नाही. आजोबा पेंढा बाजूला करीत, एकेक आंबा उचलीत, देठाशी नाक नेत आणि म्हणत, “हा आज. हा परवा.” व्याहीही चाळीस वर्षे तसेच तळघरात उतरत आणि एक बाटली हातात घेऊन वर येत. कुणी विचारीत नसे, कुणी सुचवीत नसे.

पण 2020 च्या हिवाळ्यात व्याह्यांना कोरोना झाला. ताप गेला, खोकला गेला. वास गेला तो मात्र परत आलाच नाही. डॉक्टरांनी गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांच्या चार लहान कुप्या रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितल्या. नाकाला पुन्हा वळण लागावे म्हणून असा सराव हल्ली सगळीकडेच देतात. व्याही तो शाळकरी मुलाच्या नेमाने करीत. पण गुण काही दिसत नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे चहाला गेलो, तेव्हा विहीणबाई लेकीशी हलक्या आवाजात बोलत होत्या. लेकीने मला मराठीत सांगितले, “आई, बाबा जेवतात, हसतात, ‘छान झालंय’ म्हणतात. पण आईंना ठाऊक आहे. ते एकदाच बोलून गेले, मांस चावलं की ओला पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं म्हणून. तेव्हापासून ते तळघरात उतरत नाहीत. वाइन तुम्हीच आणा म्हणतात.”

आणि वाइन कुणी आणायची, यावरून घरात पेच पडला होता.

जावयाचा जन्म 1982 चा. बोर्दोत ते साल फार नावाजलेले. मुलगा झाला तेव्हा व्याह्यांनी त्या सालच्या बारा बाटल्या घेऊन ठेवल्या होत्या, आणि मुलाच्या आयुष्यातल्या एकेका मोठ्या दिवशी त्या उघडल्या. शेवटची लेकीच्या लग्नानंतर शिल्लक राहिली. ती आता उघडावी आणि वडिलांना आनंद द्यावा, असे जावयाच्या मनात. विहीणबाईंना ते नको होते, पण मुलाचा हिरमोड करणे त्यांच्याच्याने होईना. शेवटी व्याहीच माझ्याकडे वळून त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, “या वर्षी तुम्ही निवडा. तुमचं मत अजून कुणी बिघडवलेलं नाही.”

सगळे हसले. आमचे हे तर मोठ्याने हसले. मी मात्र हसले नाही. त्या माणसाने आपला मान माझ्या ओटीत टाकला होता.

परत येताना ह्यांनी विचारले, “अगं, तुला त्यातलं कळतं काय?”

“वाइनमधलं नाही कळत,” मी म्हणाले, “पण तुरटातलं कळतं.”

मी पुण्यात तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. मुलांना मी एक प्रयोग हमखास करायला लावी. डोळे मिटा, नाक घट्ट दाबा आणि जिभेवर कॉफीची पूड ठेवा. कॉफी ओळखूच येत नाही, नुसते कडू लागते. नाक सोडले की क्षणात कॉफी! कारण जिभेला कळणाऱ्या चवी मोजक्याच आहेत: गोड, आंबट, खारट, कडू आणि मटणाच्या अळणी पाण्यात लागते ती खमंग गोडी, जिला शास्त्रज्ञ उमामी म्हणतात. बाकी आपण ‘चव’ म्हणून ज्याचे कौतुक करतो, ते बहुतेक नाकाचे काम. घास चावला की त्याचा वास घशामागच्या वाटेने नाकात चढतो. व्याह्यांची ती वाट बंद झाली होती.

पण आपल्या षड्रसांतले दोन रस असे आहेत की ते धड जिभेचेही नाहीत आणि नाकाचेही नाहीत. एक तिखट आणि दुसरा तुरट. तिखट म्हणजे आग, तुरट म्हणजे स्पर्श. कच्चे जांभूळ, आवळा, हिरडा, जास्त उकळलेला चहा यांनी तोंडाचे जे होते ते आठवा. आपल्या लाळेत काही प्रथिने असतात, त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत राहते. तुरट पदार्थांतली टॅनिन नावाची द्रव्ये त्या प्रथिनांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात, आणि जीभ गालाला घासू लागते. हे कळायला नाक लागत नाही. व्याह्यांचे हे दार अजून उघडे होते!

तांबड्या वाइनचे सारे मर्म या टॅनिनमध्ये आहे. पांढरी वाइन नुसत्या रसाची करतात. तांबडी करताना द्राक्षाच्या साली आणि बिया रसातच आंबू देतात. रंग सालींतून येतो, टॅनिन साली आणि बिया या दोहोंतून. आणि गंमत पाहा, द्राक्षाच्या बियांत सापडणाऱ्या या द्रव्यांपैकी एकाला कॅटेचिन म्हणतात. हे नाव ‘कॅटेचू’वरून पडले, आणि कॅटेचू म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपल्या विड्यातला कात! तुपातूप जेवण झाल्यावर आपण काताचा विडा का खातो? तोंडातला ओशटपणा निघावा म्हणून. फ्रेंच माणूस तोच विडा घासागणिक पेल्यातून घेतो, एवढेच. कोकराची चरबी जिभेवर बसते, तुरट घोट ती खरवडून काढतो. आणि उलट मांसातली प्रथिने आणि चरबी घोटाचा तुरटपणा मवाळ करतात. कोकराबरोबर तांबडी वाइन का, याचे उत्तर एवढेच आहे. बाकीची पोथी तपशिलाची.

तो तपशील जावयाने मला रात्री जेवणाच्या मेजावर समजावून दिला. काटे-चमचे मांडून त्याने नकाशा केला. गारोन नदी बोर्दो शहरातून जाते. शहराच्या खाली तिला दोर्दोन्य नदी मिळते, आणि त्यांच्या संगमातून जिरोंद नावाची रुंद खाडी होऊन ती समुद्राला जाते. आपल्या कऱ्हाडचा प्रीतिसंगम डोळ्यांसमोर आणा, म्हणजे चित्र ध्यानात येईल. खाडीच्या डाव्या काठाला मेदॉक. तिथली जमीन वाळूगोट्यांची. पाणी धरून ठेवीत नाही, ऊन मात्र धरून ठेवते. काबर्ने सोव्हिन्याँ हे द्राक्ष उशिरा पिकणारे, त्याला ही ऊब मानवते. जाड सालीचे आणि लहान मण्यांचे हे द्राक्ष, म्हणून त्याची वाइन तुरट आणि ताठ. उजव्या बाजूला सेंत-एमिलियाँ आणि पोमरोल. तिथे चिकणमाती जास्त, मेर्लो हे लवकर पिकणारे द्राक्ष तिथे सुखाने वाढते. त्याची वाइन गोलसर, मऊ. बहुतेक बाटल्यांत दोन्ही मिसळलेली असतात. कोणते जास्त, एवढाच प्रश्न.

“आणि कोकरासाठी?” मी विचारले.

“डोळे झाकून पोयाक,” तो म्हणाला. पोयाक हे मेदॉकातले खाडीकाठचे गाव, बोर्दोपासून सुमारे 50 किलोमीटर. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या मळ्यांची जी प्रतवारी केली, तिच्यातल्या आज पहिल्या प्रतीत असलेल्या पाच मळ्यांपैकी तीन या एका गावात आहेत: लाफित, लातूर आणि मूतों. पैकी मूतोंला ती प्रत 1973 साली मिळाली. लातूर हे नाव ऐकून आमच्या ह्यांना फार आनंद झाला. “आपल्या मराठवाड्याची मंडळी इथंही पोहोचली का?” असे ते चारदा म्हणाले. तर या पोयाकचे कोकरूही तितकेच प्रसिद्ध. दूधपिते, कोवळे. पूर्वी मेंढपाळ हिवाळ्यात आपले कळप या द्राक्षमळ्यांत चरायला आणीत, त्यातून कोकरू आणि वाइन यांची ही सोयरीक जुळली.

माझे माहेर निफाडचे. भाऊ द्राक्षबागायतदार. तेव्हा शनिवारी सकाळी जावयाने पोयाकला नेले, तेव्हा माझे लक्ष वाड्यांपेक्षा वेलींकडेच. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि माल जानेवारी ते मार्चला. तिथे छाटणी एकदाच, हिवाळ्यात. मी गेले तेव्हा वेलींना नुकते कोंब फुटत होते आणि तोडणी सप्टेंबरच्या सुमारास. त्या कोवळ्या कोंबांवर थंडी पडली की वर्ष हातचे जाते. 2017 च्या एप्रिलात तसेच झाले होते. रात्रभर मळ्यांत शेगड्या-मेणबत्त्या पेटवून लोक जागले होते म्हणे. निफाडला कडाक्याची थंडी पडते तेव्हा माझा भाऊही बागेत शेकोट्या पेटवून असाच बसतो. देश कोणताही असो, द्राक्षवाल्याच्या बायकोची झोप सारखीच!

पोयाकमधून आम्ही 2016 सालची एक बाटली घेतली. मोठ्या नावाची नव्हे. पहिल्या प्रतीच्या बाटलीची किंमत ऐकून मी ती हातातही घेतली नाही. साध्या मळ्याची, पण काबर्नेचे प्रमाण जास्त असलेली. तिच्या दोन घेतल्या, एक पाहण्यासाठी आणि एक जेवणासाठी. वाटेत सेंत-एमिलियाँची एक मेर्लोबहुल बाटली घेतली. तिसरी मी हट्टाने मागितली, ती बोझोलेची. ती हलकी, टॅनिन अगदी थोडे असलेली. बोर्दोच्या माणसाने परगावची बाटली घरात आणायची म्हणजे कोल्हापूरकराने दुसऱ्या गावचा तांबडा रस्सा वाखाणण्यासारखे आहे. जावयाने ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणली.

संध्याकाळी लेकीच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा मांडली. तीन पेले, प्रत्येकात दोन चमचे वाइन, आणि कोकराच्या बरगडीचे तीन तुकडे मीठ लावून तव्यावर परतलेले. मी नाक दाबले.

“नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण आज खरी झाली,” हे म्हणाले. “अगदी लहानपणी एरंडेल घ्यायचीस तशी दिसतेस.”

मी लक्ष दिले नाही. बोझोलेचा घोट घेतला. आंबट पाणी. नाक सोडले तेव्हा स्ट्रॉबेरीसारखा सुरेख वास आला. पण व्याह्यांच्या वाट्याला तो येणार नव्हता. मग सेंत-एमिलियाँ. तोंडात थोडा भरीवपणा, थोडी ऊब, आणि संपले. मग पोयाक. ती हिरड्यांना धरून बसली. सुपारीचे खांड दाढेखाली धरावे तशी गालाची आतली बाजू आवळली गेली. मी मांसाचा चरबीदार तुकडा चावला आणि पुन्हा घोट घेतला. तुरटपणा गेला नव्हता, पण त्याची धार गेली होती. आणि तोंडातला तुपकटपणा पुसून निघाला होता. पुढचा घास घ्यावासा वाटला. नाक अजून दाबलेलेच होते!

“ही,” मी म्हणाले.

जावई बराच वेळ बोलला नाही. मग लेकीला काहीतरी म्हणाला. तिने सांगितले, “तो विचारतोय, बाबांसाठी इतकी साधी बाटली? ती 82 ची मग कधी उघडायची?”

मला शब्द जपून वापरायचे होते, कारण जावयाच्या मनात वडिलांविषयीच्या मायेवाचून दुसरे काही नव्हते. मी लेकीला सांगितले, “त्याला विचार, जुन्या वाइनचं काय होतं?” ते त्यालाच उत्तम ठाऊक होते. वर्षे जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून जड होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. तुरटपणा निवतो. त्या जागी वास येतात: चामड्याचा, तंबाखूच्या पानाचा, देवदाराच्या लाकडाचा. चाळीस वर्षांची बाटली म्हणजे सगळा वासच.

“मग ज्याला वास येत नाही,” मी म्हणाले, “त्याच्या पेल्यात काय उरलं?”

लेकीने हे भाषांतर करायला जरा वेळ घेतला. जावयाने पेला खाली ठेवला. मी पुढे म्हणाले, “सगळे पिऊन डोळे मिटतील आणि वाहवा करतील. त्यांनाही करावी लागेल. त्यांच्याच मुलाच्या जन्माची बाटली, आणि त्यांना खोटं बोलावं लागेल. मोतीबिंदू झालेल्या माणसाला कुणी पोथी भेट देतं का? त्याला वाचून दाखवतात.”

तो उठून बाहेर बागेत गेला. माझ्या पोटात धस्स झाले. सासूने जास्तच बोलावे, तेही परक्या घरच्या वाइनविषयी! रात्री मला झोप आली नाही. सकाळी स्वयंपाकघरात गेले तो मेजावर पोयाकची दुसरी बाटली उभी, आणि शेजारी काचेची सुरई धुऊन ठेवलेली.

रविवारी व्याह्यांकडे आमची नात बागेत चॉकलेटची अंडी शोधीत होती. तिकडे मुलांना सांगतात, की देवळातल्या घंटा गुरुवारी रोमला जातात, म्हणून त्या वाजत नाहीत, आणि ईस्टरला परत येताना खाऊ टाकीत येतात. आत विहीणबाई आणि मी मांडीच्या तयारीला लागलो. अडीच किलोची मांडी. तिला सुरीच्या टोकाने खाचा पाडून त्यांत लसणीचे काप खोचायचे, मीठ, मिरी, तेल आणि रोझमेरीची काडी लावायची आणि भट्टीत भाजायची. मध्याशी गुलाबी राहील इतकीच. आपल्याला हे कच्चे वाटते. पण पार शिजवून सुकवलेल्या मांसात रस उरत नाही, आणि मग तुरट वाइन अधिकच तुरट लागते. भट्टीतून काढल्यावर वीस मिनिटे झाकून ठेवायची, म्हणजे रस आत मुरतो. सोबत घेवड्याचे हिरवट दाणे. इंग्रज लोक कोकराबरोबर पुदिन्याची सिरक्यातली चटणी घेतात. विहीणबाईंच्या मते तो गुन्हा आहे, कारण सिरका कोणत्याही वाइनला फिकी पाडतो. मीठ मात्र त्यांनी हात आखडून घातले नाही, आणि ते बरोबरच होते. मिठाने कडवटपणा दबतो.

जावयाने बाटली तासभर आधी सुरईत ओतली. कोवळ्या वाइनला हवा लागली की तिचा ताठा जरा उतरतो. ती देण्याआधी थोडी गारही केली. तांबडी वाइन घरातल्या हवेइतक्या उबेची द्यावी असे म्हणतात. पण ते बोल दगडी भिंतींच्या थंड घरांतले. 16 ते 18 अंश ही तिची योग्य ऊब. आपल्या मुंबईची हवा लावली तर ती कोमटच व्हायची!

जेवायला बसलो. पेले तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरले. ह्यांच्यापुढे लिंबूपाणी. “दारूचं कोणतंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं याच वर्षी सांगितलंय,” असे ह्यांनी सर्वांना ऐकवून ठेवले होते. ते खरेच आहे, आणि फ्रेंच मंडळींनी ते सभ्यपणे ऐकून घेतले.

व्याह्यांनी एक घास खाल्ला. एक घोट घेतला. रुमालाने ओठ टिपले आणि सवयीप्रमाणे म्हणाले, “छान.” मी ताटाकडे पाहिले. मग त्यांनी दुसरा घास घेतला, चरबीच्या कडेचा, आणि पुन्हा घोट. आणि ते थांबले. गालावर आतून जीभ फिरवीत राहिले. तिसरा घोट त्यांनी आपण होऊन घेतला. मग गालाला बोट लावून ते मुलाला काहीतरी म्हणाले.

“इथं लागतंय, म्हणतात,” लेक कुजबुजली.

चमत्कार काही झाला नाही. मांसाला मांसाचा वास आला नाही, पुठ्ठ्याची चव पुरी गेली नाही. पण त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले. विहीणबाई वाढता वाढता उठून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने मीठदाणी घेऊन आल्या. मीठदाणी मेजावर होतीच.

जेवण झाल्यावर व्याही माझ्याशेजारी येऊन बसले. लेक दुभाषी. “ती 82 ची का उघडली नाही?” त्यांनी विचारले. मी म्हणाले, “माझ्या सांगण्यावरून. राग मानू नका.”

ते जरा वेळ सुरईतल्या उरलेल्या थेंबांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “गेली दोन ईस्टर मी त्या बाटलीच्या भीतीनं काढली. तो एक दिवस ती घेऊन येईल आणि मला नाटक करावं लागेल.”

यावर मी काय बोलणार? मी पर्समधून डबी काढली आणि सुपारीचे एक खांड त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते दाढेखाली धरले, तोंड वाकडे केले, आणि मनापासून हसले.

पुण्याला परतल्यावर हे सगळे ऐकून शेजारणीने विचारले, “मग आपल्या मटणाबरोबर कोणती?” तिला सांगितले तेच इथे सांगते. आपला रस्सा तिखट असतो, आणि तिखटावर टॅनिन म्हणजे जळत्यावर मीठ, आग वाढते. पोयाकचा नियम कोल्हापुरी रश्श्याला लागू नाही. त्याला सोलकढीच बरी. नाशिककडेही आता काबर्ने सोव्हिन्याँ आणि शिराझ ही द्राक्षे होतात, वाइनही होते. ज्या घरी ती चालते त्यांनी मसाला न घातलेल्या, नुसत्या आले-लसूण-मिठात भाजलेल्या मटणाबरोबर ती घेऊन पाहावी. आणि ज्या घरी चालत नाही त्यांनी जेवणानंतर काताचा विडा खावा. तत्त्व एकच आहे.

पण मला बोर्दोत कळलेली गोष्ट ही नव्हे. मांडी कोणती, द्राक्ष कोणते, साल कोणते हे पुस्तकातून कळते. ताटावर बसलेल्या माणसाला काय कळते आहे, हे त्याच्याकडे पाहूनच कळते. चांगली सुगरण तेच पाहते, आणि मला वाटते, व्याहीही चाळीस वर्षे तळघरातून तेच पाहून वर येत असतील.

दर रविवारी लेकीचा फोन येतो. व्याही अजून चारही कुप्या हुंगतात. मागे एकदा ते आनंदाने म्हणाले, की निलगिरीची कुपी नाकाशी धरली की आत काहीतरी गार लागते. सर्वांना वाटले, वास परत येतो आहे. तो वास नव्हे, तो निलगिरीचा गार झोंबरेपणा आहे, तुरटाचाच भाऊ, हे मला ठाऊक आहे. तीस वर्षे मी मुलांना तेच शिकवले.

मी मात्र फोनवर ते सांगितले नाही. 1982 ची बाटली तळघरात आडवी पडून आहे, आणि तिला घाई नाही.